चौदा गोल कुणाचे?

प्रिय ताई,

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि आमच्या मुलींच्या वॉटर पोलो टीमची कॅप्टन आहे, म्हणजे पाण्यात पोहत बॉल पोस्टमध्ये मारायचा खेळ. टीम दोन वर्षांपूर्वी उभी राहिली. आम्ही नऊ जणी. सहा जणी लहानपणापासून पोहणाऱ्या, दोघी कबड्डीच्या आणि गोलकीपर हँडबॉलची. ती माझी अकरावीपासूनची मैत्रीण. तिला मीच मागं लागून पाण्यात आणलं.

या सीझनला आम्ही तीन मॅच खेळलो आणि तिन्ही हरलो. ४-९, ३-११ आणि शेवटची २-१४. शेवटच्या मॅचला चारपैकी पहिल्या डावात १-२ होतं, हाफटाइमला २-५. पुढं सगळंच गेलं, तिसऱ्या डावात चार बसले, चौथ्यात पाच. आमच्या दोघी तीन-तीन मेजर, म्हणजे मोठे फाउल, होऊन बाहेर गेल्या. मॅच संपल्यावर सगळ्या टीमसमोर मी तिला म्हणाले, "एक तरी बॉल अडवायचास की गं. तुझ्यामुळं शोभा झाली." मुलांची टीमही तिथंच उभी होती. ती काही बोलली नाही. टोपी काढून बॅगेत टाकली आणि गेली. याला महिना झाला. फोन उचलत नाही, मेसेज वाचते पण उत्तर देत नाही.

मुलं अजून विचारतात, खेळायला गेला होता की बुडायला? सर म्हणतात, पुढच्या वर्षी बारा मुली असतील तरच टीमचं नाव पाठवणार. घरी पप्पा म्हणतात, आता बास. काळी ठिक्कर पडलीस, केसांची शेपटी झाली, खांदा दुखतोय, एमपीएससीचा क्लास लाव. एम.एस्सी.ला ॲडमिशन घेतलं तर मला अजून खेळता येईल. सरावाला आम्हाला सकाळी पाऊण तास मिळतो. खोल बाजूला त्या वेळी मुलांची टीम असते, आम्ही उथळ बाजूला. आमचा गोलपोस्टही तिथंच लावतो, तिथं पाय टेकतात.

तिची माफी मी मागू, की आधी तिनं बोलायला हवं? आणि जी टीम हरायलाच जाते ती चालवण्यात काही अर्थ आहे का?

— एक कॅप्टन, कोल्हापूर

---

प्रिय कॅप्टन,

माफी तूच मागायचीस, आणि याच आठवड्यात. तिनं आधी बोलावं हे तुझ्या डोक्यात आलं कुठून? बोलायचं ते सगळं तू बोलून मोकळी झालीस. तिच्याकडं बोलायला शिल्लक काय ठेवलंस?

फोन नको, मेसेज तर नकोच. तिच्या घरी जा. काकू दार उघडतील, "किती दिवसांनी आलीस गं" म्हणतील, चहा टाकतील. तिनं घरी काय सांगितलंय याचा अंदाज तुला त्या चहावरच येईल. बहुतेक काहीच सांगितलं नसेल. काकूंसमोर विषय काढू नकोस. तिला घेऊन बाहेर पड. खासबागेत भेळ खा, रंकाळ्यावर चक्कर मारा, कुठंही जा. फक्त पोहण्याच्या तलावावर नेऊ नकोस.

बोलायचं ते थोडक्यात बोल. "मी तुला सगळ्यांसमोर बोलले. ते चूक होतं आणि खोटंही होतं." एवढंच. "रागात निघून गेलं" नको, "मला तसं म्हणायचं नव्हतं" तर अजिबात नको. त्या क्षणी तुला अगदी तसंच म्हणायचं होतं आणि हे तिला तुझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आणखी एक पथ्य पाळ. माफी मागता मागता "मग येतेस ना परत टीममध्ये?" असं विचारू नकोस. सरांची बारा मुलींची अट एव्हाना तिच्याही कानावर गेली असणार. त्याच दमात तू हे विचारलंस, तर तुला मैत्रीण हवी होती की बारातली एक, हा प्रश्न तिला पडेल आणि त्यात तिची काही चूक नसेल. ती रडेल, भांडेल किंवा नुसती भेळ खाऊन घरी जाईल. जे करेल ते करू दे.

मग दुसरा भाग. तू सगळ्यांसमोर बोललीस, तेव्हा शब्द परत घेणंही सगळ्यांसमोर झालं पाहिजे. उरलेल्या सात जणींना एकत्र बोलव आणि तिला दिलेला दोष चुकीचा होता हे स्वच्छ सांग. ती तिथं असली तर उत्तम, नसली तरी सांग. मुलांच्या टीममधले दोघं-चौघं काठावर असतील तर आणखी बरं.

मी "खोटंही होतं" म्हणाले ते तुझी समजूत काढायला नाही. मी शाळेत खेळ शिकवायची, तलावाच्या काठावर शिट्टी घेऊन बरीच वर्षं उभी राहिले आहे. तुझ्या पत्रातले आकडे वाचले आणि मॅच डोळ्यांसमोर आली. तूही ते आकडे माझ्याबरोबर पुन्हा वाच.

पहिल्या दोन डावांत तिनं पाच गोल खाल्ले, पुढच्या दोन डावांत नऊ. मुलगी तीच, पोस्ट तोच, समोरची टीमही तीच. हाफटाइमच्या दोन-चार मिनिटांत कुठली गोलकीपर खेळ विसरत नाही. तेव्हा बदललं ते तिच्या पुढ्यातलं काहीतरी.

आता मेजरचं बघ. मेजर झाला की ती मुलगी थोडा वेळ बाहेर, तिसऱ्याला कायमची. तुमच्या दोघी तीन-तीन मेजर होऊन बाहेर गेल्या. म्हणजे निदान सहा वेळा तुमची एक मुलगी कोपऱ्यात जाऊन थांबली होती आणि गोलकीपर सोडून समोरच्या सहा जणींपुढं तुम्ही पाच जणी होता. शिवाय तुमची टीमच नऊ जणींची. दोघी कायमच्या बाहेर गेल्या की उरल्या सात, पाण्यात उतरायला बरोब्बर तेवढ्याच. दम खायला बाहेर काढावी अशी काठावर कुणीही नाही. शेवटच्या डावात पाच गोल बसले याचं मला नवल वाटत नाही. पाचावर थांबले याचं वाटतं.

मेजर का झाले असतील? मी मॅच पाहिलेली नाही, पण दमलेल्या टीमचे मेजर एकाच कारणानं होतात. पाय थकले की शरीर खाली जातं, खाली गेलं की हात आधार शोधतात, आणि पाण्यात सगळ्यांत जवळचा आधार म्हणजे समोरच्या मुलीचा खांदा. तिच्याकडं बॉल नसताना तिला धरलं, ओढलं, दाबलं की शिट्टी वाजणारच. तुमच्या कबड्डीच्या दोघींना तर पकड सुटू द्यायची नाही हेच आयुष्यभर शिकवलेलं. बाहेर गेल्या त्या दोघी त्याच असतील अशी मला शंका आहे.

आता त्या पोस्टकडं ये. पोस्ट तीन मीटर रुंद आणि पाण्यावर ९० सेंटिमीटर उंच. तीन मीटर ही रुंदी हँडबॉलच्या पोस्टचीच, म्हणून तू मैत्रिणीला त्या जागेवर आणलंस ते डोकं लावून आणलंस. फक्त हँडबॉलमध्ये तिच्या पायाखाली जमीन असते. वॉटर पोलोत एवढी रुंदी एकटीनं अडवायची अशी अपेक्षाच नसते. बॉल मारणारीच्या समोर तुमच्यापैकी एकीनं हात वर करून अर्धा पोस्ट झाकायचा आणि उरलेला अर्धा गोलकीपरनं सांभाळायचा, असा तो हिशेब आहे. हात वर ठेवायला पाय चालावे लागतात. तिसऱ्या डावात तुमच्यातल्या कुणाचाही हात वर नव्हता, हे मी पैजेवर सांगते. मुलगी तीन मीटरच्या पोस्टमध्ये एकटी उरली होती.

पाय म्हणजे एगबीटर. दोन्ही पाय गुडघ्यातून आलटून पालटून उलटसुलट फिरवायचे, ताकात रवी घुसळतो तसे, न थांबता. या खेळात हा पाया आहे आणि बाकीचं सगळं, पास, शॉट, ब्लॉक, त्याच्यावर उभं राहतं. आता तुझ्या पत्रातली शेवटून चौथी-पाचवी ओळ वाच. ती तू जाता जाता लिहिलीस आणि मी मात्र तिथंच अडकले. तुम्ही सराव करता उथळ बाजूला. पोस्टही उथळ बाजूला. तिथं पाय टेकतात.

अगं, मग दोन वर्षं तुम्ही वॉटर पोलोचा सराव केलाच नाहीत! गोलकीपर सोडून कुणीही तळाला पाय लावायचा नाही हा या खेळाचा पहिला नियम. आणि तो मोडायची सोयच राहू नये म्हणून मॅचच्या तलावात निदान १.८ मीटर पाणी लागतं, साधारण सहा फूट. दमल्यावर पाय टेकायची सवय अंगाला लागलेली, आणि स्पर्धेला गेल्यावर तळ नाहीच. पहिला डाव उत्साहात निघतो, दुसरा हिमतीवर, तिसऱ्यात मांड्या दगड होतात. त्यातून तुझी मैत्रीण. तिनं दोन वर्षं सरावात पोस्टमध्ये तळावरून उडी मारून बॉल अडवले. स्पर्धेत तिला तीच उडी पाण्यावरून मारायला लावली. तिला ती कुणी शिकवलीच नव्हती. तरी पहिल्या हाफमध्ये पाचच गोल खाल्ले तिनं. मला तर ही मुलगी भारी वाटते.

आपल्या गावाचं हे दुखणं जुनंच आहे म्हणा. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच संपली की पेठेतल्या कट्ट्यावर पहिली सालटी निघतात ती गोलीची. मधल्या फळीनं नव्वद मिनिटं काय केलं याची चौकशी त्यानंतर, झालीच तर. तूही याच गावची, त्यामुळं तुझ्या तोंडून पहिलं तेच निघालं. पण कॅप्टननं कट्ट्यावरच्या माणसासारखं बोलून चालत नाही.

सरांकडून तिन्ही मॅचच्या स्कोअरशीट मागून घे. नसतील तर आयोजकांकडून फोटो मिळतो का ते बघायला सांग. कितव्या डावात, किती वेळ शिल्लक असताना, कुठल्या टोपी नंबरनं गोल केला आणि मेजर कुणाचा कधी झाला, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक गोलापुढं खूण कर: आपण पाच जणी असताना बसला की सहा असताना, तिसऱ्या डावाच्या आधी की नंतर. वहीचं एक पान भरेल. ते पान टीमला दाखव, सरांना दाखव. मैत्रिणीकडं जाताना मात्र बरोबर नेऊ नकोस. माफी मागायला जाताना पुरावे न्यायचे नसतात.

आता खोल बाजूचं.

ती बाजू मुलांकडं का आहे, हे कधी कुणाला विचारलंयस? मला वाटतं, विचारलं नसशील. सहसा असं होतं की मुलांची टीम आधीची असते, वेळापत्रक आधीचं असतं आणि मुली नंतर आल्या म्हणून जिथं जागा उरली तिथं त्यांना बसवलं जातं. कुणाच्या मनात वाईट नसतं. हे या खेळात सगळीकडंच झालं. ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा वॉटर पोलो १९०० पासून आहे आणि बायकांचा आला २००० मध्ये, सिडनीला. शंभर वर्षं मधे गेली. आणि आल्या आल्या पहिली फायनल कशी झाली? ऑस्ट्रेलियाच्या यवेट हिगिन्सनं १.३ सेकंद उरले असताना गोल मारून अमेरिकेला ४-३ नं हरवलं. शंभर वर्षं काठावर बसवलेल्यांचा खेळ होता हा. तुम्हाला शंभर वर्षं थांबायची गरज नाही. आठवड्यातले तीन दिवस मागायचेत.

मागणी साधी ठेव. सोमवार, बुधवार, शुक्रवार खोल बाजू मुलींना, उरलेले दिवस मुलांना, आणि पोस्ट कायमचा खोल टोकाला. मुलं कुरकुरतील. त्यांना म्हणावं, तीन दिवस तुम्हीही उथळ बाजूला पोहा, मग कोण बुडतंय ते बघू. चिडवणाऱ्यांना याच्यापेक्षा जास्त उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस. उलट त्यांच्यातल्या नव्या, ज्युनिअर पोरांना आठवड्यातून एकदा तुमच्याबरोबर खेळायला लाव, अर्ध्या मैदानात, एका पोस्टवर, तीन विरुद्ध तीन. तुमचं सगळ्यांत मोठं दुखणं हेच आहे की वर्षाला तीनच मॅच खेळता. तीन मॅचवर कुणी खेळ शिकत नाही. सांगलीला किंवा साताऱ्याला जिथं कुठं मुली हा खेळ खेळत असतील तिथं एखादी मैत्रीपूर्ण मॅच ठरवता येते का, ते सरांना विचार. एसटीच्या तिकिटाएवढा खर्च.

मुलांबरोबर खेळताना बॉल मात्र बायकांचाच वापरा, चार नंबरचा. त्याचा घेर ६५ ते ६७ सेंटिमीटर असतो, मुलांचा पाच नंबरचा ६८ ते ७१. वजन दोन्हींचं सारखंच, पण ओल्या हातात पकडताना हे तीन-चार सेंटिमीटर फार जाणवतात. कॉलेजनं मुलांसाठी घेतलेल्याच बॉलवर तुम्ही सराव करत असाल, तर आधी ते बघ. असले प्रकार मी इतके पाहिलेत की न विचारता लिहून टाकते.

खोल पाणी मिळाल्यावर पहिले दोन महिने बॉलचं खूळ कमी आणि पायांचं जास्त. अर्धा मिनिट कोपर पाण्याबाहेर ठेवून उभं पोहायचं, अर्धा मिनिट सुटी. ते जमलं की दोन्ही हात सरळ वर. नंतर पाच लिटरचा पाण्याचा कॅन डोक्यावर धरून, आधी अर्धा भरून, मग पूर्ण. डोकं वर ठेवून फ्रीस्टाइल, कारण मॅचमध्ये पाण्यात तोंड घालून पोहणारीला बॉल कुठं गेला ते दिसत नाही. जमिनीवर बैठका; त्या कशा मारायच्या हे कोल्हापूरच्या पोरीला मी सांगायला नको. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं तर दोन दिवस कमी करा, एगबीटर नवा असताना तिथं ताण येतो. गोलकीपरला यातलं सगळं दुप्पट. आणि पासिंग संपल्यावर उरलेला वेळ तिचा असं न करता, सरावाची पहिली दहा मिनिटं तिची ठेवा. गोलकीपर तीच राहो की दुसरी कुणी येवो.

खांदा कुणाचा दुखतोय, तुझाच ना? थकलेल्या पायांवरून बॉल मारलास की सगळा भार खांद्यावर येतो. पाय सुधारले की त्यातलं थोडं आपोआप कमी होईल, पण महिनाभर दुखत असेल तर फिजिओला दाखवल्याशिवाय बॉल हातात घ्यायचा नाही. इथं पप्पांचं बरोबर आहे.

बाकीच्या गोष्टींत पप्पांचं निम्मं बरोबर आहे. रंग दोन महिन्यांत परत येतो, आणि नाही आला तरी काय बिघडलं? केसांना पाण्यात उतरण्याआधी साधं पाणी आणि थोडं तेल लाव, टोपी घाल, बाहेर आल्यावर लगेच धू. क्लोरीननं केस रखरखीत होतात हे खरं आहे. एमपीएससीचं जास्त विचारपूर्वक बोलूया. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे हे घरी कुणीतरी सांगितलंच असेल, किंवा तूच सांगायच्या विचारात असशील. तसं सांगू नकोस. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतल्या सहभागाच्या प्रमाणपत्रावर त्यात बसता येत नाही, त्याला बरीच वरची कामगिरी लागते. आज घरी खोटी आशा दाखवलीस, तर दोन वर्षांनी तलावाचं नाव काढायची सोय राहणार नाही.

आणि वॉटर पोलोसाठी एम.एस्सी. करू नकोस. तुला विषय आवडत असेल, मार्क असतील, पुढं काही करायचं असेल तर कर. मग सकाळी पाऊण तास खेळलीस म्हणून कुणाचं काही जात नाही, आणि हे पप्पांना पटवणं त्या मानानं सोपं आहे. एम.एस्सी.चं मन नसेल तर क्लास लाव. यातलं काहीही आज ठरवायचं नाहीये. निकाल लागू दे.

हरायलाच जाणारी टीम चालवण्यात अर्थ आहे का, असं तू विचारलंयस. मला हा प्रश्न अजून लागूच होत नाही असं वाटतं. तुमची टीम हरायची टीम आहे की जिंकायची, हे कळायला ती आधी सहा फूट पाण्यात उभी राहायला हवी. खोल पाण्यात वर्षभर सराव करून, बारा जणी घेऊन गेलात आणि तरी २-१४ नं हरलात, तर मला पुन्हा लिही. तेव्हा मी मुलाहिजा न ठेवता उत्तर देईन. आज तुझ्याकडं असलेल्या माहितीवर एवढंच म्हणता येतं की नऊ मुली चुकीच्या तयारीनं गेल्या आणि तरी एका चांगल्या टीमपुढं अर्धी मॅच टिकून राहिल्या.

राहता राहिल्या बारा मुली. सरांची अट मला पटते. नऊ जणींवर ही मॅच खेळू देणं हाच मुळात अन्याय होता. पण तुम्ही मुली शोधता कुठं? "कुणाला पोहता येतं?" असं वर्गावर्गात विचारून रेसमध्ये पोहणाऱ्याच मिळतात. आपल्याकडं जलतरण म्हटलं की शर्यतच डोळ्यांपुढं येते, आणि वीरधवल खाडे याच गावचा म्हटल्यावर ते साहजिकच आहे. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायला कांस्य आणलं, तेव्हा त्या स्पर्धेत जलतरणात भारताला २४ वर्षांनी पदक मिळालं होतं. पण तुला वेगवान मुली हव्यात त्यापेक्षा पाण्यात उभ्या राहणाऱ्या हव्यात. पंचगंगेच्या, भोगावतीच्या काठच्या गावांतून रोज एसटीनं कॉलेजला येणाऱ्या मुलींना विचार. पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकललेल्या पोरी असतात त्या. फ्रीस्टाइल धड येत नसेल, पण खोल पाण्याची भीती त्यांना नसते आणि तासभर पाण्यात उभ्या राहून गप्पा मारतात. चाचणी एकच घे: खोल बाजूला दोन मिनिटं, दोन्ही तळवे पाण्याबाहेर. वेळ लावून पोहायला सांगू नकोस, त्यानंच निम्म्या पळतात.

हँडबॉलच्या मुलींकडं पुन्हा जा. त्यांची एक खेळाडू तुम्ही नेलीत आणि तिचं काय झालं हे त्यांच्यात फिरलेलं असणार, त्यामुळं ती सगळ्यांसमोरची माफी झाल्याशिवाय तिकडं फिरकू नकोस. अकरावी-बारावीला असलेल्या मुलींवर नजर ठेव. एप्रिल-मेमध्ये अंबाई टँकला, रमणमळ्याला पोहणं शिकायला गर्दी असते, त्यातल्या काही जूनमध्ये तुमच्या कॉलेजच्या दारात असतील.

कॉस्च्यूमवरून काही घरं नाही म्हणतील. सरावाला गुडघ्यापर्यंतचा, बाह्यांचा घालू दे, आधी पाण्यात तर येऊ दे. आयांना एकदा सराव बघायला बोलव, काठावर खुर्च्या टाक. पाळीच्या दिवसांचंही पहिल्याच आठवड्यात मोकळेपणानं बोलून टाक. टॅम्पॉन किंवा कप वापरून उतरणारी उतरेल. जिला नको ती काठावर बैठका मारेल, पासिंगचा बॉल टाकेल. कुणी कारण विचारायचं नाही आणि कुणी हसायचं नाही. हा नियम सरांनी सांगण्यापेक्षा कॅप्टननं सांगितलेला बरा.

पुढच्या वर्षी तू नसलीस तर कॅप्टन कोण, हे आत्ताच ठरवून टाका, आणि तिला या सगळ्या बोलण्यात पहिल्यापासून बरोबर घे. खोल बाजूचा अर्ज प्राचार्यांच्या नावानं लिही, प्रत सरांना दे. त्याच्या मागं गोलांच्या खुणा केलेलं ते वहीचं पान जोड, तीन वार आणि वेळ स्पष्ट लिही आणि सगळ्यांच्या सह्या घे. हे मे महिना संपायच्या आत कर. जूनमध्ये तलावाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटलं की वर्षभर त्याला कुणी हात लावत नाही.

— ताई